ट्रक मिळतो, पलटण मिळत नाही

मिलिटरी या शब्दावर मराठी माणसाची जेवढी श्रद्धा आहे तेवढी फार थोड्या गोष्टींवर असेल. कांबळं घ्यायचं तर मिलिटरीचं. ट्रंक मिलिटरीची. थंडीत सर्दी झाली तर तिच्यावरचं औषधही मिलिटरी कँटीनमधलं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी 'ओरिजिनल मिलिटरी' म्हणून जेवढे बूट विकले जातात, तेवढे पाय आपल्या सैन्यात असतील की नाही याची मला शंका आहे. पण ती बोलून दाखवायची सोय नाही. वस्तू मिलिटरीची म्हटली की ती मजबूतच असणार, आणि नाही म्हणणाऱ्याची देशभक्ती तपासून घ्यायला हवी.

ही श्रद्धा कांबळ्या-ट्रंकेपाशी थांबते तोवर घर सुरक्षित असतं. ती चाकांवर चढली की एक दिवस माणूस ट्रक घेऊन दारात उभा राहतो.

आमचे साडूभाऊ उभे राहिले. निसान वनटन घेऊन. साडूभाऊ बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जाचे अर्ज संशयानं वाचलेला माणूस. पण या ट्रकच्या बाबतीत त्यांनी कागदाआधी बॉनेट उघडलं. आत सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन होतं. ते पाहून ते जे हरखले, ते भानावर यायला पेट्रोलचं पहिलं बिल यावं लागलं.

लष्करातून निवृत्त होणाऱ्या गाड्यांत घराणी आहेत. सगळ्यांत थोरली विलिस जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून अशा सहा लाखांवर जीपा काढल्या. युद्ध संपलं, त्यातल्या काही आपल्याकडे राहिल्या, आणि राहिल्या त्या अजून जायला तयार नाहीत. त्यानंतरचं घराणं जबलपूरचं. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून तिथे शक्तिमान ट्रक निघू लागला. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते. पुढे निसानच्या परवान्यावरचा एक टनी ट्रक आला आणि त्याच इंजिनाच्या घरातली जोंगा आली. जोंगा १९९९ पर्यंत निघत होती. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर जोंगा चालवताना दिसला. तेव्हापासून धोनीचं नाव घेतल्याशिवाय भाव सांगणारा डीलर मला भेटलेला नाही. धोनीला पेट्रोल परवडतं, हा तपशील मात्र डीलर सांगत नाही.

या गाड्या बाजारात येतात त्या लिलावातून. डेपोत त्यांचे लॉट पडतात आणि एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात ते निघतात. मुख्य अट एका ओळीची: माल 'जसा आहे, जिथे आहे' तसा. वाहनविक्रीच्या इतिहासात यापेक्षा प्रामाणिक वाक्य लिहिलं गेलेलं नाही. एका लॉटात चार गाड्या असल्या, तर एकीला इंजिन असतं, दुसरीला गिअरबॉक्स, तिसरीला दोन्ही असून चाकं नसतात आणि चौथीच्या आतून पिंपळ वर आलेला असतो. मुदतीत सगळं उचलायचं, नाही उचललं तर जागेचं भाडं भरायचं. पिंपळासकट. त्यामुळे शौकीन माणूस लिलावाच्या वाटेला जात नाही, तो डीलरकडे जातो. डीलर चार गाड्यांतून दोन उभ्या करतो आणि दोन्हींबद्दल एकच वाक्य बोलतो, "साहेब, आर्मी मेंटेन्ड आहे."

हे वाक्य शंभर टक्के खरं असतं. सगळा घोटाळा त्याच्या खरेपणातच आहे.

सैन्यातला ट्रक कधी एकटा नसतो. त्याच्यामागे ईएमई असते, म्हणजे गाड्यांपासून रडारपर्यंत सगळं दुरुस्त करणारं, १५ ऑक्टोबर १९४३ ला स्थापन झालेलं आणि 'कर्म ही धर्म' हे ब्रीद मिरवणारं दल. ड्रायव्हर गाडी काढण्याआधी तेल, पाणी, हवा बघतो. त्याला जमत नाही ते युनिटचा मेकॅनिक करतो, त्याला जमत नाही ते वर्कशॉपला जातं, आणि फारच जड दुखणं असलं तर त्यासाठी खडकीसारख्या ठिकाणी मोठमोठी बेस वर्कशॉप आहेत. सुटे भाग ठेवायला देहूरोडसारखी आयुध भांडारं आहेत. भाग संपले तर बनवायला जबलपूर आहे. पेट्रोल सरकारचं, हिशेब भलत्याच खात्याचा. आणि एवढं करून गाडी बंद पडलीच, तर ढकलायला तीसएक धट्टीकट्टी माणसं हुकमाची वाट बघत मागेच बसलेली असतात.

लिलावात यातला फक्त ट्रक मिळतो. मागची पलटण मिळत नाही. ती घरातून उभी करावी लागते.

साडूभाऊंच्या घरची भरती पहिल्याच आठवड्यात पुरी झाली. साडूभाऊ कमांडिंग ऑफिसर. त्यांचा मुलगा सक्तीच्या भरतीतला जवान. त्याचं काम टॉर्च धरणं आणि तो चुकीच्या जागी धरल्याबद्दल बोलणी खाणं. माझी मेहुणी लेखापरीक्षण. ती गॅरेजच्या दारात येऊन एकच प्रश्न विचारते, "अहो, हे कितीचं?" या प्रश्नाला आजवर कुठल्याही कमांडिंग ऑफिसरला खरं उत्तर देता आलेलं नाही.

आणि खरी ईएमई म्हणजे हवालदारसाहेब. सातारा जिल्ह्यातले, ईएमईतून निवृत्त होऊन गावाकडे न जाता इथेच हमरस्त्याला पत्र्याची शेड टाकून बसलेले. या परिसरातली प्रत्येक जुनी मिलिटरी गाडी कधी ना कधी त्यांच्या शेडमध्ये येऊन जाते, म्हणजे बहुतेक येते आणि राहते. ते कमी बोलतात. गाडीभोवती एक फेरी मारतात, एक बोट कुठेतरी फिरवतात, त्या बोटाचा वास घेतात आणि रोग सांगतात. साडूभाऊंनी मोठ्या अभिमानानं त्यांना मीटर दाखवला. ट्रक फारच थोडे किलोमीटर चालला होता.

"बघा हवालदारसाहेब, चाललीच नाहीये. नवीच आहे."

हवालदारसाहेबांनी बोटाचा वास घेतला. "साहेब, गाडी चालून म्हातारी होत नाही. उभी राहून होते."

पुढचे कित्येक दिवस या वाक्याचा तर्जुमा बिलांत होत राहिला. वर्षानुवर्षं डेपोत उभ्या राहिलेल्या गाडीचं लोखंड सुखरूप असतं, रबर मरतं. ब्रेकच्या सिलिंडरांतले कप कडक होतात, ऑइल सील तडकतात, रेडिएटरचे पाइप दाबले की करकरतात. ग्रीसची चक्क माती होते. टाकीच्या तळाशी गंज साचतो आणि गाडी पहिल्या खड्ड्यात गेली की तो हलून थेट कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतो. गाडी गचके खात थांबते, जेट काढायचं, फुंकायचं, बसवायचं, पुढच्या खड्ड्यापर्यंत जायचं. आपल्या रस्त्यांवर हे अंतर फार नसतं. हवालदारसाहेबांनी टाकी उतरवली, तिच्यात मूठभर नट आणि थोडं डिझेल टाकून ती लोळवली. आतून जे निघालं ते बघून मेहुणी म्हणाली, "यात पेट्रोल घालत होतात की चहा?"

शेडमध्ये तेव्हा एक विलिसही उभी होती. मालक आयटीतला तरुण. त्याला या गाडीतली प्रत्येक गोष्ट तोंडपाठ होती, कारण ती त्यानं रात्रभर जागून मोबाइलवर पाहिली होती. एका रविवारी त्यानं चाक काढायला घेतलं. डाव्या बाजूचं. पाना लावला, जोर लावला. नट हलेना. पान्यात पाइप घालून तो लांब केला आणि त्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला. साडूभाऊ मदतीला गेले. बँकेची शिस्त आणि आयटीचं ज्ञान एकाच पाइपवर नाचू लागलं. हवालदारसाहेब चहा पीत होते. शेवटी बोल्ट 'टक्' करून तुटला, तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला.

"डावीकडचे आटे उलटे असतात. नटाकडे बघा, 'एल' लिहिलंय. आतापर्यंत तुम्ही दोघं मिळून तो आवळत होता."

"मग आधी का नाही सांगितलंत?" साडूभाऊ घाम पुसत म्हणाले.

"साहेब, सैन्यात आम्ही अधिकाऱ्यांना मधे टोकत नाही."

उलट्या आट्यांमागे कारण आहे. चाक ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेनं नट सैल होऊ नये म्हणून डाव्या चाकांना उलटे आटे द्यायची तेव्हा पद्धत होती. जुन्या मिलिटरी गाड्यांत अशी शहाणपणाची कारणं जागोजागी सापडतात, आणि प्रत्येक कारण समजायला एक बोल्ट तुटावा लागतो.

साडूभाऊंच्या ट्रकवरही अशी कोडी होती. समोर एक पिवळी गोल पाटी आणि तिच्यावर आकडा. सोसायटीतल्या एकानं तो ट्रकचा अनुक्रमांक ठरवला, दुसऱ्यानं वेगाची मर्यादा. खरं म्हणजे गाडी कुठल्या ताकदीच्या पुलावरून न्यायची ते सांगणारा तो वर्ग. ट्रकच्या मागच्या बाजूला खाली वाकून पाहिलं तर डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला, आणि त्याच्यावर वरून उजेड टाकणारा एक मिणमिणता दिवा. रात्री शत्रूला दिसू नये म्हणून ताफा हेडलाइट बंद करून चालतो. मागच्या ड्रायव्हरनं फक्त पुढच्या गाडीखालचा तो पांढरा ठिपका धरून जायचं. साडूभाऊंनी एका रात्री हायवेवर तो दिवा लावून दाखवला. मागून येणाऱ्या टेंपोवाल्यानं शेजारी गाडी आणून विचारलं, "काका, खाली काहीतरी पेटलंय का?"

विलिसच्या तरुणाची चिंता वेगळी होती. त्याच्या जीपला किल्लीच नव्हती. फिरवायचा एक खटका, तो कोणीही फिरवावा. युद्धात ड्रायव्हरला गोळी लागली तर दुसऱ्यानं खिशात किल्ली शोधत बसू नये, हा त्यातला सोयीचा भाग. सोसायटीत चोरीचं काय, असं त्यानं विचारलं. हवालदारसाहेब म्हणाले, "खटका नेमका केव्हा फिरवायचा, चोक किती ओढायचा आणि पाय केव्हा उचलायचा, हे ज्या चोराला जमेल त्याला माझ्याकडे पाठवा. माणूस पाहिजेच आहे."

बॅटरी उतरली की हँडल. या पिढीच्या बहुतेक गाड्यांना पुढून हँडल मारायची सोय असते, आणि हँडल मारायची एक सभ्य रीत आहे: अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीला विळखा घालायचा नाही. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा विळखा घातलेला अंगठा हँडलबरोबर जातो. हवालदारसाहेब नवशिक्याला आधी अंगठा दाखवायला लावतात, मगच हँडल हातात देतात. त्यांच्या शेडमध्ये इन्शुरन्सची एवढीच व्यवस्था आहे.

आता पेट्रोल. हा ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो, तोही खुशीत असला तर. वीस लिटरचा एक जेरीकॅन म्हणजे ऐंशी किलोमीटर. पुणे ते लोणावळा पासष्टेक. म्हणजे एका कॅनमध्ये लोणावळ्याला पोचून चिक्की घेता येते, पण ती घरी आणायला दुसरा कॅन लागतो. दोन कॅन म्हणजे चार हजारांच्या वर. त्या हिशेबानं साडूभाऊंनी आणलेली चिक्की ही महाराष्ट्रातली सगळ्यांत महाग चिक्की असावी. मेहुणीनं ती पाहुण्यांना देताना तसं सांगितलंही.

शिवाय घाट. मे महिन्यात चढावर पेट्रोल इंजिनावरच्या पंपापाशीच उकळतं, नळीत वाफ अडकते आणि इंजिन गुदमरतं. उपाय फार जुना आहे: पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि थांबायचं. साडूभाऊंच्या ट्रकमध्ये नकाशा नसतो, स्टेपनी कधी असते कधी नसते, पण फडकं आणि पाण्याचा कॅन कायम असतो. घाटात बॉनेट उघडून इंजिनाच्या कपाळावर पट्ट्या ठेवणारा मध्यमवर्गीय माणूस दिसला की मुंबईचे पर्यटक थांबून फोटो काढतात. मदत कोणी करत नाही, कारण मिलिटरीच्या गाडीला मदतीची गरज असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. श्रद्धा इथेही आड येते.

पेट्रोलचं दुसरं बिल आलं आणि घरात 'डिझेल' हा शब्द निघाला.

डिझेल इंजिन बसवणं हा या छंदातला मोठा संस्कार आहे. जीपवाले बहुधा मॅटॅडोरच्या इंजिनाच्या मागे असतात. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या रचनेचं जे ओएम ६१६ डिझेल इंजिन घराघरात पोचवलं, ते जीपच्या बॉनेटखाली कसंही करून मावतं. जड गाडीवाले टाटा ४०७ चं शोधतात. साडूभाऊंना वाटलं, एक इंजिन काढायचं आणि दुसरं ठेवायचं. घरात नवा सोफा आला की पडदे जुने दिसतात, पडदे बदलले की भिंतींचा रंग, रंग काढला की वायरिंग, ट्रकचंही तेच. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून मध्ये बसवायला एक जाड प्लेट लेथवर टर्न करून घ्यावी लागली. प्लेटमुळे गिअरबॉक्स मागे सरकला, तेव्हा प्रोपेलर शाफ्ट कापून नव्यानं बॅलन्स करावा लागला. इंजिन जड, म्हणून पुढचं नाक खाली बसलं. म्हणून पाट्यांत एक पान वाढवलं. म्हणून गाडी आपटू लागली. म्हणून साडूभाऊंची पाठ धरली. पाठीचा खर्च या हिशेबात धरलेला नाही.

त्यातला एक धडा तर थेट विज्ञानाचा होता. पेट्रोल इंजिन श्वास घेतं तेव्हा नळीत निर्वात पोकळी तयार होते आणि ब्रेकच्या मदतीला ती फुकट वापरता येते. डिझेल इंजिनाला हवा अडवणारा पडदाच नसतो, त्यामुळे ती पोकळी मिळत नाही. नवं इंजिन पहिल्याच हाकेला सुरू झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, साडूभाऊंनी शेडमध्येच ब्रेक दाबून पाहिला आणि तो दगड झालेला होता. मग अल्टरनेटरला व्हॅक्यूम पंप आला. तरी गाडी पळेना. कारण डिझेल इंजिनाचे फेरे कमी, आणि मागची क्राऊन-पिनियन पेट्रोलच्या फेऱ्यांसाठी कातलेली. आता पूर्ण ताकद लावून हा ट्रक एखाद्या उत्साही सायकलस्वाराशी बरोबरी करू शकत होता.

कुठलाच भाग तयार मिळत नाही, आणि कुठलाच भाग बनत नाही असं नाही, हे आपल्या देशाचं वैशिष्ट्य. बीडाचा एक तडकलेला मॅनिफोल्ड घेऊन साडूभाऊ कोल्हापूरला उद्यमनगरात गेले. तिथल्या माणसानं तो हातात घेतला, उलटा केला, "कधी पायजे?" एवढंच विचारलं. कुठल्या गाडीचा, कुठल्या देशाचा, कुठल्या युद्धातला, काही नाही. नमुना द्या, वस्तू न्या. तांबडा-पांढरा खाऊन परत येईपर्यंत साच्याचं बोलणं पक्कं झालेलं होतं. जगातल्या बड्या बड्या कंपन्या सुटे भाग बंद झाल्याचं कळवतात, तेव्हा त्यांना उद्यमनगर माहीत नसतं.

या छंदात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. एक 'ओरिजिनल'वाले. त्यांना बॉनेटवरचा स्क्रूसुद्धा त्या सालचाच लागतो. वायपर नवा दिसला तर ते अन्न सोडतात. दुसरे 'मॉडिफाय'वाले. त्यांचं तीर्थक्षेत्र हरियाणातलं मंडी डबवाली, जिथे जुन्या मिलिटरी जीपांपासून चारपट रुंद चाकांची आणि दहापट मोठ्या हॉर्नची नवी जीप जन्माला येते. पहिला पंथ गाडी बघतो, दुसरा चालवतो. दोघांनाही रस्त्यात हवालदारसाहेबच लागतात.

माझं मत विचाराल तर इतिहास मॉडिफायवाल्यांच्या बाजूनं आहे. महायुद्धानंतर मनिलात उरलेल्या अमेरिकन जीपांना लांब करून, छप्पर घालून, रंगवून लोकांनी जीपनी केली आणि तीच फिलिपिन्सची सार्वजनिक वाहतूक झाली. रंगूनमध्ये युद्धातल्या शेव्हरोले ट्रकांच्या बस होऊन त्या या शतकातही धावत होत्या. आपल्याकडे तर लोकांनी ट्रकवर न थांबता अख्खी छावणी मॉडिफाय केली: कल्याणची युद्धकाळातली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना मिळाली आणि तिचं उल्हासनगर झालं. महामार्गाकडेच्या गॅरेजांसमोरच्या जुन्या क्रेन एकदा निरखून पाहा. पत्र्याच्या सहा रंगांखाली कुठल्यातरी लष्करातून आलेलं थोराड तोंड दिसेल. ज्यांना पोट भरायचं होतं त्यांनी मूळ रूपाची चिंता केली नाही, आणि म्हणूनच ती यंत्रं टिकली.

कायदा मात्र ओरिजिनलवाल्यांच्या बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं की निर्मात्यानं दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल चालणार नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी, मग नोंद. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम तर थेट काळजात घुसतो: ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. म्हणजे ज्या रंगावर भाळून माणूस ट्रक घेतो तो रंग सर्वांत आधी खरवडायचा. बाण काढलेली नंबरपाटी उतरवायची. साडूभाऊंच्या ट्रकला आता मातकट पिवळसर रंग आहे. सोसायटीत नव्यानं राहायला आलेली मंडळी तो महापालिकेचा समजून त्यात ओला-सुका कचरा वेगळा टाकायचा का, असं विचारतात.

विलिसच्या तरुणाला निदान एक वाट आहे. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकींसाठी आणि खासगी मोटारींसाठी जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. वीस हजार रुपये शुल्क, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. हा नियम ज्यानं लिहिला त्याच्याकडे नक्की एखादी विलिस असणार. इंधन भरणं आणि देखभाल यांखेरीज ती गाडी तशीही कशासाठी बाहेर पडत नाही.

मग या ट्रकचा उपयोग काय? मेहुणी हा प्रश्न विचारायची. गणपतीत उत्तर मिळालं. मंडळाची मिरवणूक माणसाच्या चालीनं जाते. एरवीच्या टेंपोचा क्लच त्या चालीत सहा तासांत जळतो. या ट्रकला फोर बाय फोरचा लो गिअर आहे. तो चिखलातून, वाळूतून, डोंगरावर रांगत जाण्यासाठी केलेला. तो टाकला आणि क्लच सोडून दिला की ट्रक ढोलाच्या ठेक्यावर आपोआप चालतो, ॲक्सिलरेटरला पाय लावायचं काम नाही. साडूभाऊ स्टिअरिंगवर फेटा बांधून, जवान मुलगा शेजारी, मागे बाप्पा. सगळं आयुष्य सीमेवर जायच्या तयारीत काढलेल्या यंत्राला अखेर त्याच्या मापाचं काम मिळालं. लेखापरीक्षणानं त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. उलट मेहुणी मला म्हणाली, "भाऊजी, बघा, यांची गाडी एकदाही बंद पडली नाही." मी पाहिलं, तर हवालदारसाहेब स्वच्छ पांढरा सदरा घालून ट्रकच्या बरोबरीनं चालत होते. एका हातात गुलाल, दुसऱ्यात पाना.

यातच सगळं आलं. या गाड्या फार चांगल्या आहेत. त्या दुरुस्त होण्यासाठी बनवलेल्या आहेत. प्रत्येक भाग उघडता येतो, बघता येतो, बदलता येतो, आणि झाकण उघडल्यास वॉरंटी रद्द अशी धमकी कुठे चिकटवलेली नाही. पण त्या एकट्या माणसासाठी बनवलेल्या नाहीत. तेव्हा तुमच्याही डोक्यात तो किडा वळवळत असेल, तर क्रम एवढा पाळा. आधी ईएमईतून निवृत्त झालेला, तुमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा माणूस शोधा. मग लष्कराच्या विक्रीचे कागद आणि आरटीओची नोंद स्वतः वाचा; इंजिन आणि चेसिसचे नंबर पत्र्यावर घासून कागदाशी जुळवा. मग घरच्या लेखापरीक्षणाची मंजुरी घ्या, लेखी मिळाली तर उत्तम. ट्रक शेवटी बघा. आणि यातला पहिलाच माणूस सापडला नाही, तर अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, तिथे जाऊन या. तिथल्या गाड्या याहून कितीतरी भारी आहेत, त्यांचं ग्रीसिंग सैन्य करतं, आणि आपल्याला फक्त तिकिटाचे पैसे पडतात.